बाबा विमानात उभ्यानं येणार होते

२८ मे २०२४

उतरवलं! माह्या बापाले विमानातून उतरवलं!

तिकीट खरं, नाव खरं, ब्याग तपासून झालेली — तरी उतरवलं. माह्या एसटीत कोणी बिनातिकिटाचा सापडला तरी मी त्याले जंगलात उतरवत नाई, पुढच्या गावापर्यंत नेते. तोंड वाजवते, पण नेते. न हे मोठे विमानवाले!

काल सकाळी सुगंधाआत्या गेली. बाबाची मोठी बहीण, एकुलती एक. आई गेल्यावर मले तिनंच वाढवलं. शिव्या देत देत वेणी घालाची, वेणी घालत घालत जेवू घालाची. केव्हाची तिच्या गावी, सावलीले, खाटेवर पडून होती. बाबा तिकडे पहाडात, आदेशकडे. आदेश माहा लहान भाऊ, तिथल्या बोगद्याच्या कामावर सुपरवायझर हाये. त्याले पोरगी झाली म्हणून बाबा नात पाहाले गेल्ते. आत्याचं जास्त झालं हे कळलं न आदेशनं लगेच विमानाचं तिकीट काढून देल्लं. सकाळी तिथून निघाचं, दुपारी नागपूर, दिवस बुडाच्या आत सावली. सारं जमत होतं.

मले ड्युटीवर फोन आला. सिंदेवाहीले गाडी दुसऱ्या कंडक्टरच्या हवाली केली न तशीच खाकीवर सावलीले पोचली. रस्ताभर साऱ्यायले फोन करून बजावलं — बाबाले आत्ताच सांगू नका, म्हातारा एकटा हाये, नागपुरात उतरले का मी सांगते.

अंगणात मांडव टाकून, बरफाच्या लाद्या लावून आत्याले ठेवलं होतं. सारे बाबासाठी थांबले. आमच्यात बाई गेली का माहेरचं लुगडं आल्याबिगर उचलत नाई. न थे लुगडं भावानं आणाचं, भावानंच अंगावर घालाचं. आत्यानं किती बार म्हटलं होतं — "लटारू, माह्या लुगड्याले उशीर नको करू बापा, तुले साऱ्याच गोष्टीले उशीर होते." हासत म्हणे, पण म्हणे.

दुपारी गोपालदादा — आत्याचा पोरगा — बाहेरून आला. हातात फोन. माह्याकडे न पाहता म्हणे, "रंजी, मामाले विमानातून उतरवलं. उद्या येतीन. मंग सांगाच लागलं त्यायले. मामा म्हणते थांबू नका, रंजीच्या हातानं लुगडं घाला."

म्या घातलं. जांभळ्या काठाचं. पदर नीट बसे ना. मागं बायका कुजबुजून राह्यल्या — भाऊ असून पोरीच्या हातानं! मले आयकू येत होतं सारं.

२९ मे

काल बाबा आले. मी न प्रफुल, माहा नवरा, नागपूरले आणाले गेलतो. म्हातारा त्या चकाचक दारातून बाहेर आला. धोतर, टोपी, खांद्यावर आदेशनं घेऊन देल्लेली पहाडी शाल — न नागपुरात सेचाळीसचं ऊन. डोळे कोरडे. म्या पाय धरले तर डोक्यावर हात ठेवला न म्हणे, "लुगडं कोणतं घातलं?"

म्या सांगतलं. मान हालवली.

गाडीत बसल्यावर इचारलं, "बाबा, उतरवलं कसं काय?"

"आवं, जागा कमी पडली वाटते. थे विमानवाली पोरगी आली, म्हणे कोणाले तरी उतरा लागते. मले वाटलं, आपून उभ्यानं येऊ. म्हटलं म्याडम, मैं खडे खडे आता हूं. सारे हासले न मले खाली घेऊन गेले."

प्रफुल स्टेरिंगवर हासला! म्या पाठीवर एक बुक्की देल्ली. सासरा होय तुहा, बहीण मेली त्याची! तर म्हणे, "तूनच लावली सवय म्हाताऱ्याले. तुह्या गाडीत कधी बसू देते का त्यायले?"

खरं हाये थे. माह्या गाडीत बाबा चढले न लेकरूवाली बाई आली, का मी पयले बाबालेच उठवते. कंडक्टरचा बाप उठला का बाकीचे गपचूप उठते, कोणी तोंड वर करत नाई. बाबा समोरच्या दाराजवळ दांडा धरून उभे राह्यते, सिंदेवाही ते चिमूर, ड्रायव्हरसोबत गोष्टी सांगत. त्यायले आवडते. त्याच्यात माहं काय चुकलं? एसटीत उभं राह्यता येते म्हणून उठवते. विमानवाल्यायले समजत नाई का, का साधा माणूस बोलून राह्यला? समजून सांगाचं होतं त्याले. नाई! हासले न उतरवलं.

सावलीले पोचल्यावर बाबा घरात गेलेच नाई. सरळ नदीवर. राख सावडाची राह्यली होती. बसले एकटेच.

३१ मे

साऱ्या गावात पसरलं — लटारूभाऊ विमानात उभ्यानं येणार होते! हे प्रफुलचंच काम. आज त्याले भाजी नाई वाढली. वरणभात खा म्हटलं.

८ जून

तेरवी झाली. 

जेवणाआधी दुपट्टे घालाचे असते. बापाच्या मागं, मायच्या मागं जो पोरगा राह्यला त्याच्या खांद्यावर मामाचा दुपट्टा पयला पडते. बाबा दुपट्टा घेऊन पुढं झाले. गोपालदादानं मान वाकवली. न मधात ऋषीकाका आला! गोपालदादाचा चुलता. बाबाच्या हातातला दुपट्टा बाजूले केला न साऱ्या पंगतीसमोर म्हणे, "ज्यानं बहिणीले लुगडं नाई घातलं त्याचा दुपट्टा काऊन घ्याचा? पहाडात हवा खात बसला होता हा."

कोणी ऋषीकाकाले आवरलं नाई. गोपालदादानंई नाई! मान खाली घालून उभा. त्याचं तोंड लाल झालं होतं.

म्या आवाज चढवला. "ऋषीकाका, माह्या बापाले उतरवलं विमानातून! त्याची काय चूक?"

"कोणी पाह्यलं? कागद हाये का? का उभ्यानंच आले पहाडातून?" पंगत हासली. आत्याच्या तेरवीच्या पंगतीत माणसं हासले!

बाबानं दुपट्टा घडी करून पिशवीत ठेवला. म्हणे, "चाल रंजी." जेवले नाई. मीई नाई. सावलीच्या स्ट्यांडवर गाडीची वाट पाहात बसलो बापलेक. बाकावर जागा होती तरी म्हातारा उभाच.

कागद पाह्यजे का तुले, ऋषीकाका? आणते. वर्षश्राद्धाच्या आत आणते. कंपनीच्या शिक्क्याचा, "आम्ही लटारूभाऊले उतरवलं" म्हणून. साऱ्या पंगतीत वाचून दाखवते न मंग थोच दुपट्टा बाबाच्या हातानं गोपालदादाच्या खांद्यावर टाकवते.

११ जून

कंपनीले फोन लावला. बाजा वाजते, बाजा वाजते, मंग एक पोरगी हिंदीत गोड गोड बोलते. म्हणे मौसम खराब था.

आदेशले इचारलं. थो म्हणे, "दीदी, कडक ऊन होतं. म्या स्वतः सोडून आलो बाबाले. विमान उडालं ना, म्या खालून पाह्यलं. मले वाटलं बाबा त्यातच हाये, म्या टाटा केला."

उडालं! मौसम खराब न विमान उडालं! बाबासाठीच तेवढा खराब होता का मौसम?

१३ जून

पुन्हा फोन. पुन्हा बाजा. आज एक साहेब भेटला. आता मौसम नाई, आता वजन! म्हणे पहाडावरची हवा पातळ, धावपट्टी तोकडी, ऊन चढलं का विमानाले वजन घेऊन उठता येत नाई. म्हणून काई माणसं उतरवा लागते. सुरक्षेचा मामला, मॅडम.

म्या म्हटलं, साहेब, पहाड काल उगवला का? ऊन पयल्यांदाच पडलं का तिथी? ठाऊक होतं तर साऱ्या शिटा काऊन विकल्या? न वजनच कमी कराचं होतं तर माहा बाप काऊन? काडीसारखा माणूस! एखादा पोट सुटलेला उतरवला असता तर दोन म्हातारे बसले असते.

साहेबानं फोन ठेवून देल्ला. असे ठेवते फोन.

२ जुलै

संघप्रियाकडे चंद्रपूरले जाऊन आली. माही कॉलेजातली मैत्रीण, आता वकील. तिनं नियम काढून दाखवला. लिहिलेलं हाये सारं! जागा कमी पडली तर कंपनीनं पयले इचाराचं, कोणी खुशीनं उतरते का. जो खुशीनं उतरला त्याचं न कंपनीचं आपसात. पण ज्याले त्याच्या मनाविरुद्ध उतरवलं त्याले भरपाई द्याच लागते, दुसऱ्या विमानात बसवाच लागते. मंग विमानतळ मोठं असो का पहाडातलं बोटभर.

"पैसा मिळन," संघप्रिया म्हणे.

म्या म्हटलं पैसा त्यायच्याच विमानात भरा न उडवा. मले लिहून पाह्यजे. "उतरवलं" हा शब्द पाह्यजे.

"मंग बाबाचा जबाब लागन," म्हणे. "मले बळजबरीनं उतरवलं, एवढं त्यायले म्हणा लागन."

त्याच्यात काय! बाबा म्हणतीन.

७ जुलै

बाबा नाई म्हणते!

गावी गेली होती. धानाचा रोवणा सुरू हाये, बाबा बांधीत, गुडघ्याएवढ्या चिखलात. मी बांधावरून वरडून सांगून राह्यली — कोर्टात जाऊ, कंपनीले नाक घासाले लावू. म्हातारा पऱ्ह्याच्या रोपायची जुडी हातात घेऊन नुसता उभा. मंग म्हणे, "सोड ना वं माय. गेली थे गेली."

"ऋषीकाकानं पंगतीत तोंड काळं केलं तुमचं! थे सोडू?"

"त्याचं तोंड हाये, बोलला." न वाकले रोवाले.

माही अशी तळपायाची आग मस्तकात गेली! आपला बाप असा काऊन हाये? जो येईन त्यानं ढकलाचं, हा बाजूले होते. धानाच्या खरेदीत हा शेवटचा, दवाखान्यात हा शेवटचा, "तुमी जा पुढं, मले काई घाई नाई." आयुष्यभर! मले नोकरी लागली तवा म्या मनात म्हटलं होतं का आता याच्यासाठी मी भांडन. भांडून राह्यली तर हाच आडवा येते.

शेवटी कागदावर सही मात्र केली. मी रडाले लागली म्हणून केली.

१९ ऑगस्ट

कंपनीचं उत्तर आलं. इंग्रजीत. संघप्रियानं फोनवर वाचून सांगतलं.

"सदर प्रवाशाने सहप्रवाशासाठी स्वखुशीने आपली जागा सोडली." म्हणून भरपाई बसत नाई. तरी पण आमच्या मोठ्या मनानं पुढच्या प्रवासात सूट देतो.

स्वखुशीनं! कोणाच्या खुशीनं? कोणाची बहीण मेली न कोण खुशीत होतं? अन् सूट! म्हणजे पुन्हा त्यायच्याच विमानात बसाचं न पुन्हा उतराचं, या खेपेले सस्त्यात!

म्या संघप्रियाले म्हटलं, हे सपशेल खोटं हाये. सहप्रवासी कोण? बाबानं कोणा सहप्रवाशाचं नाव नाई काढलं. थे तर उभ्यानं येतो म्हणाले, म्हणून उतरवलं.

थे म्हणे, "बाबाले एकदा नीट इचार."

२१ ऑगस्ट

इचारलं.

"बाबा, कोणती बाई होती का तिथी?"

"होती एक. पहाडाचीच. रडत होती."

"काऊन?"

"तिले उतरवून राह्यले होते."

"मंग?"

"मंग काई नाई. म्हैस पाण्यावर न्याची हाये." न गेले म्हैस घेऊन.

आता समजलं मले सारं! बाई रडली, पोरीयनं पाह्यलं का हा म्हातारा गरीब हाये, याले इंग्रजी येत नाई, हिंदी धड येत नाई. हा भांडणार नाई. रडणाऱ्या बाईले बसवा, याले उतरवा. न कागदावर लिहा, स्वखुशीनं. हेच झालं असन. दुसरं काई होऊच शकत नाई.

त्या बाईचाई राग येऊन राह्यला. माहा बाप हुकला न थे गेली आरामात.

२२ सप्टेंबर

आज गाडीत एका शहाण्यानं बाबाले पाहून आवाज देल्ला, "लटारूभाऊ, विमानाची पिरॅक्टिस का?" बाबा हासले. हासले! दांडा धरून हासले. म्या बेल मारून गाडी थांबवली न त्या शहाण्याले म्हटलं, खाली उतर, पायानं जा. ड्रायव्हर म्हणे, जाऊ द्या बाई, तक्रार होईन. बाबानंच हात जोडले, म्हणून ठेवला त्याले.

मंग बाबाले म्हटलं, बसा, जागा हाये. तर नाई. "तू तिकिटं फाड, मी बरा हाओ."

१७ नोव्हेंबर

गावची मंडई, दरसालची जत्रा. धान निघालं, घराघरात पाहुणे, चिवड्याचा न जिलबीचा वास. दरसाल आत्या यायची, दंडारीच्या खेळासमोर पयल्या रांगेत बसाची. औंदा तिची जागा दुसऱ्याच बायायनं घेतली.

गोपालदादा आला होता. चांगली संधी होती म्हणून म्या गोष्ट काढली — दादा, साक्ष द्याची हाये तुले. आपून मामासाठी थांबून होतो, एवढंच सांगाचं. तर घाईघाईनं उठला, म्हणे सावलीची गाडी सुटून जाईन. चहा अर्धा टाकून गेला. थोई ऋषीकाकाले भेते का? मामाचा दुपट्टा बाजूले केला तवाई असाच गप होता. आत्या असती तर कान धरून उभा केला असता याले.

बाबाले म्हटलं, पाहा तुमचा भाचा! बाबा म्हणे, "गोपाल चांगला हाये." यायले सारेच चांगले हायेत. ऋषीकाका चांगला, कंपनी चांगली, मीच एक वाईट.

६ जानेवारी २०२५

तारीख. कंपनीचा वकील आलाच नाई. मुंबईवरून विमान लेट म्हणे!! मी एकटीच हासली तिथी.

१८ फेब्रुवारी

कसं लिहू.

चंद्रपूरले ग्राहक आयोगात तारीख होती. बाबाले नवं धोतर नेसवून नेलं. रस्ताभर शिकवलं — एवढंच म्हणाचं बाबा, "मले जबरदस्तीनं उतरवलं." दुसरं काई नाई. बाबा खिडकीतून मोहाचे झाडं पाहात होते. "हो, हो," म्हणे.

वकिलायचं बोलणं झालं. मंग अध्यक्ष म्याडमनं स्वतःच इचारलं, किती आदरानं इचारलं, मराठीत — "बाबा, तुम्हाला कुणी उठवलं होतं का?"

बाबानं टोपी काढली. माह्याकडे पाह्यलं. मंग म्हणे, "नाई जी. कोणी उठवलं नाई. मीच उठलो."

"जबरदस्ती केली का कुणी?"

"नाई जी. थे विमानवाली पोरगी तर नको नको म्हणत होती."

संघप्रियाचा पेन तसाच हातात राह्यला. कंपनीचा वकील खाली पाहून गालात हासला. मले वाटलं जमीन फाटन तर बरं!

बाहेर आल्यावर म्या बाबाले नाई नाई थे बोलली. भर आवारात. म्हटलं, तुमाले लाज नाई म्हणून मले नसन का? म्हटलं, आत्याच्या लुगड्यापेक्षा तुमाले थे परकी बाई जास्त झाली का? लोक पाहात होते. बाबा टोपी हातात घेऊन आयकत होते. मंग म्हणे, "खोटं नाई बोलता आलं वं."

"घरी तर बोलले ना, उभ्यानं येतो म्हणलं म्हणून!"

त्यायनं टोपी डोक्यावर ठेवली न स्ट्यांडकडे चालाले लागले.

परत येताना मी पुढं बसली, थे मागं. एक शब्द नाई बोलली मी. मूलच्या स्ट्यांडवर उतरून प्रफुलच्या गाडीत बसली. थे त्याच एसटीनं गावी गेले.

२ मार्च

बोलत नाई बाबासोबत. आमच्या गाडीत चढले तर तिकीट फाडून देते, बस. ज्येष्ठ नागरिक.

१३ मार्च

होळी. पुरणपोळी प्रफुलच्या हातानं पाठवली. प्रफुल म्हणे, "म्हातारा इचारत होता, रंजीचा राग गेला का." म्या म्हटलं, नाई गेला सांग.

२१ एप्रिल

निकाल. तक्रार खारीज. "तक्रारदारानेच मान्य केल्याप्रमाणे स्वखुशीने जागा सोडली."

शिक्क्याचा कागद पाह्यजे होता ना रंजीबाई? घ्या. हा हाये शिक्क्याचा कागद. हा वाचा पंगतीत. ऋषीकाका फ्रेम करून लावन.

जेवण गेलं नाई. ड्युटीवर एका मास्तराले सुट्ट्यावरून इतकं बोलली का थो बिचारा पैसे तसेच ठेवून उतरून गेला.

२३ एप्रिल

हार मानणार नाई. नागपूरले अपील करता येते. संघप्रिया म्हणे अवघड हाये, बाबाच्या तोंडचंच हाये सारं. पण एक रस्ता सापडला. गोपालदादाचं शपथपत्र! बाबाले आत्याची बातमी उतरवल्यावर कळली. आत्या गेली हे त्यायले ठाऊक असतं तर जगातला कोणता भाऊ विमानातून उतरला असता? कंपनीनं म्हाताऱ्याले इचारलंच नाई का बापू, तुमाले घाई हाये का. त्यायले वाटलं बहीण वाट पाहून हाये, एक दिवस इकडं तिकडं. ठाऊक असतं तर थे शिटाले चिकटून बसले असते, विमान उलटवलं असतं तरी नसते उठले. हे लिहून पाह्यजे गोपालदादाच्या सहीनं.

संघप्रिया म्हणे, "चालू शकते. सही आण."

वर्षश्राद्धाले आणते. या खेपेले अर्धा चहा टाकून पळू देत नाई.

१२ मे

कागद टाइप होऊन आला. पिशवीत ठेवला. दुपट्टाई ठेवला. बाबाकडूनच मागून आणला प्रफुलनं. बाबानं काऊन म्हणून इचारलं नाई म्हणे, धुऊन घडी करून देल्ला.

१६ मे २०२५

तिथीनं आत्याचं वर्ष झालं.

गोपालदादाले मागच्या खोलीत नेलं, कागद पुढं ठेवला. "मामास बातमी विमानातून उतरवल्यानंतर समजली" — इथपर्यंत वाचलं न त्यानं पेन खाली ठेवला.

"हे खोटं हाये, रंजी. माय गेली न म्या पयला फोन मामालेच केला. तुह्या आधी. मामा विमानतळावरच होते."

मले समजेच ना.

"जराशानं मामाचाच फोन आला. म्हणे, गोपाल, इथी एका बाईले उतरवून राह्यले. तिची बहीण दवाखान्यात हाये, अजून जिती हाये. माही तर गेली बापा. तिले आता मी पोचलो का नाई, काई समजणार नाई. या बाईच्या बहिणीले समजन. थांबू नका, रंजीच्या हातानं लुगडं घाला." गोपालदादा रडाले लागला. "मले आईची शपथ घातली, कोणाले सांगू नको म्हणून. काकाले तर नाईच. न म्हणे, रंजीले थे उभ्यानंवालं सांगतो, थे हासून सोडून देईन."

बाहेर पंगत बसत होती. बाबा मांडवाच्या खांबाले टेकून उभे होते. ऋषीकाका कोणाले तरी थेच सांगत होता, विमानातलं.

म्या कागद फाडला. बाहेर जाऊन बाबाचा हात धरला न पंगतीत पयल्या पाटावर नेलं.

"आवं, जागा कमी पडन, मी मागून —"

"बसा!" म्या म्हटलं. "बसा बाबा."